मायेची खतावणी

अर्थशास्त्रातील काही शब्द त्या शास्त्राच्या वेशीबाहेर पडले की भलतेच काम करू लागतात. ‘गुंतवणूक’ हा त्यांपैकी एक. डिसेंबर १९६० मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे अध्यक्षीय भाषण करताना थिओडोर शुल्त्झ यांनी असे प्रतिपादन केले की, शिक्षणावरील खर्चाकडे केवळ उपभोगखर्च म्हणून न पाहता मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हणून पाहावयास हवे. १९६४ साली गॅरी बेकर यांचा याच विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. शुल्त्झ यांना १९७९ साली, बेकर यांना १९९२ साली. माणसाला यंत्राच्या पंक्तीला बसवणारी कल्पना म्हणून तिच्यावर प्रारंभी टीकाही झाली. परंतु देशाच्या विकासाचा हिशेब मांडताना धरणांइतकेच महत्त्व शाळांना देणे या कल्पनेमुळे शक्य झाले, हे तिचे मोठेच श्रेय होय.

देशाच्या हिशेबात चपखल बसणारा हा शब्द आता घराच्या हिशेबात शिरला आहे. विमा कंपन्या, बँका आणि खाजगी शिकवणी वर्ग यांच्या जाहिरातींनी त्याला दिवाणखान्यात आणून बसवले. मुलांचे शिक्षण ही सर्वांत चांगली गुंतवणूक, हे वाक्य आईवडील आता सहज बोलून जातात आणि मुलेही ते ऐकतात. धरणाला आपल्यावर किती खर्च झाला हे कळत नाही. मुलाला ते कळते, आणि कळावे अशी सोय घरात केलेली असते. गुंतवणूक म्हटली की परतावा आला. परताव्याची अपेक्षा करणारा धनको होतो आणि ज्याच्याकडून ती करावयाची तो ऋणको. आईबाप आणि मुले यांच्या नात्याला हे रूप आले म्हणजे विशी-पंचविशीत पाऊल टाकणाऱ्या तरुणाच्या मनाचे आणि त्याच्या पुढील नात्यांचे काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

धाक गेला, हिशेब आला

दोन पिढ्यांपूर्वीचे मराठी घर आठवून पाहावे. वडील ओटीवर आले की मुले माजघरात पळत. वडिलांशी बोलावयाचे ते आईच्या मध्यस्थीने. मार हे शिस्तीचे सर्वमान्य साधन होते. त्या घराचे गोडवे गाण्याचे कारण नाही; त्या धाकाने अनेकांची मने कायमची आखडली. पण त्या घरात एक गोष्ट होती. मुले चार-पाच असत आणि मोठी माणसेही तितकीच. वडील रागावले तर आजी जवळ घेई, आईने जेवण नाकारले तर काकू ताट वाढी. कोणत्याही एका मुलावर सर्वांची नजर खिळलेली नसे आणि कोणत्याही एका मोठ्या माणसाच्या मर्जीवर मुलाचे सारे भावविश्व अवलंबून नसे.

हे चित्र पालटले त्याची कारणे आकड्यांत दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रातील एकूण जननदर २.९ होता, २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ वर आला. म्हणजे पूर्वी जी माया, जो पैसा आणि ज्या आकांक्षा तीन-चार मुलांत विभागल्या जात, त्या आता एका किंवा दोघांवर एकवटल्या. दुसरीकडे शिक्षणाची किंमत बदलली. १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले गेले. त्यामुळे परराज्यांत जाणारी मुले येथेच शिकू लागली आणि ग्रामीण भागात तंत्रशिक्षण पोहोचले, हा लाभ खराच. पण गुणांवर मिळणारी वस्तू बऱ्याच अंशी पैशावर मिळू लागली आणि तो पैसा उभा करणे हे आईबापांचे कर्तव्य ठरले. २००१ साली भारतीय बँक संघाने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली. या कर्जाच्या कागदावर विद्यार्थ्याबरोबर आईवडिलांचीही सहकर्जदार म्हणून सही असते. आज लातूर किंवा कोटा येथे भाड्याची खोली घेऊन मुलाला डबा करून घालणारी आई आणि गावी एकटा राहून पैसे पाठवणारा बाप ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

याच काळात घरातली छडी बरीचशी गेली, हे फार चांगले झाले. शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. शिकलेले आईबाप आता अभिमानाने सांगतात की, आम्ही मुलावर कधी हात उगारला नाही. त्यांचे म्हणणे खरे असते. परंतु मूल आपल्या म्हणण्याबाहेर जाऊ नये ही इच्छा छडीबरोबर गेली नाही. तिने दुसरे साधन शोधले. पूर्वी बाप म्हणे, “ऐकले नाहीस तर फोडून काढीन.” आता म्हणतो, “आम्ही तुझ्यासाठी काय काय सोसले, त्याचा विचार कर.” पहिल्या वाक्यात धमकी होती, दुसऱ्यात हिशेब आहे.

नियम आणि दडपण

पालकत्वाच्या पद्धतींचा शास्त्रीय अभ्यास मुख्यतः गेल्या सहा दशकांतला आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६६ साली आणि त्यानंतर लिहिलेल्या निबंधांत तीन पद्धती वर्णिल्या. पहिली करडी : मोठ्यांचा शब्द हाच नियम, कारण विचारावयाचे नाही. दुसरी सैल : मुलाला वाटेल ते करू द्यावे. तिसरी समतोल : नियम ठाम असावेत, पण त्यांची कारणे सांगावीत आणि मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे. १९८३ साली एलिनॉर मॅकोबी व जॉन मार्टिन यांनी यामागील दोन मापे स्पष्ट केली. आईबाप मुलाकडून किती अपेक्षा करतात हे एक, आणि मुलाच्या हाकेला किती ओ देतात हे दुसरे. अपेक्षाही नाहीत आणि ओही नाही, अशी चौथी, उदासीन पद्धत त्यातून निघाली. ज्या घरी अपेक्षाही मोठ्या आणि ओलावाही मोठा, तेथील मुले सर्वसाधारणपणे अधिक आत्मविश्वासाची व जबाबदार निघतात, असे पाश्चात्त्य देशांतील बहुतेक अभ्यास सांगतात. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तील आई पोहायला भिऊन लपून बसलेल्या मुलाला मारून विहिरीवर धाडते. त्या माराचे समर्थन आज कोणी करणार नाही; पण कठोर अपेक्षा आणि अपार ओलावा एकाच माणसात नांदू शकतात, हे ते पुस्तक वाचून वाढलेल्यांना निराळे सांगावे लागत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भेद अमेरिकेतील ब्रायन बार्बर यांनी १९९६ साली नव्याने पुढे आणला. वर्तनावरील नियंत्रण आणि मनावरील नियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे म्हणणे. रात्री दहाच्या आत घरी यावे, परीक्षेच्या महिन्यात फोन बाजूला ठेवावा, कोठे जातो ते सांगून जावे, हे वर्तनाचे नियम. त्यांना सीमा असते. दहाच्या आत घरी आले की नियम पाळला गेला. त्याविषयी मनात काय वाटते, हा मुलाचा स्वतःचा प्रश्न राहतो. मनावरील नियंत्रणाला अशी सीमा नसते. मुलाने मनासारखे केले नाही की आई ताटावरून उठते, वडील तीन दिवस अबोला धरतात, दूरच्या मामाला फोन करून त्याच्याकडून समजूत घालवली जाते. मुलाच्या कृतीपेक्षा त्याच्या भावना ताब्यात घेण्याचा हा प्रयत्न असतो. माया काढून घेणे व अपराधी वाटावयास लावणे, ही त्याची हत्यारे. अशा दडपणाखाली वाढलेल्या तरुणांत उदासीनता, चिंता आणि आत्मविश्वासाचा अभाव अधिक आढळतो, हे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत पुनःपुन्हा दिसून आले आहे. तेव्हा शिस्त वाईट आणि मोकळीक चांगली, असा सोपा निष्कर्ष काढून चालणार नाही. शिस्तीचे घर मुलाला मानवते. ज्या घरात माया उधारीवर मिळते, ते मानवत नाही.

विशीतील ऋणको

वीस वर्षे महाविद्यालयात शिकवताना अशा उधारीवर वाढलेली मुले जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटतात. ती बहुधा गुणी असतात, वेळेवर येतात, उलट बोलत नाहीत. त्यांच्यातील उणीव प्रथमदर्शनी जाणवतच नाही.

पहिली खूण म्हणजे दुहेरी आयुष्य. एखादा विषय राहिलेला असतो, वर्ष वाया गेलेले असते, पण घरी ते ठाऊक नसते. चूक झाली यापेक्षा आईबापांचे पैसे बुडाले, ही भीती मोठी असते. कर्जबाजारी माणूस सावकाराला चुकवून दुसऱ्या गल्लीने जातो, तसे हे मूल घरचा फोन चुकवते. दुसरी खूण अधिक खोल आहे. “तुला स्वतःला काय आवडते?” या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नसते. ती गोंधळतात आणि घरच्यांना काय आवडते ते सांगू लागतात. लहानपणापासून दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील नापसंती वाचण्यात ज्याची बुद्धी खर्ची पडली, त्याला स्वतःचे मन वाचण्याचा सराव कोठून व्हावा?

याचा खरा परिणाम पुढे नात्यांत दिसतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून तीन खंडांत असे मांडले की, ज्यांच्या सावलीत मूल वाढते त्यांच्यावर विसंबता येते की नाही, याचा एक नमुना त्याच्या मनात तयार होतो आणि तो पुढील आयुष्यात सोबत राहतो. १९८७ साली सिंडी हेझन व फिलिप शेव्हर यांनी अमेरिकेतील डेन्व्हरच्या एका दैनिकात प्रश्नावली छापून वाचकांना त्यांच्या प्रेमसंबंधांविषयी विचारले. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी आपण जवळच्या माणसावर निर्धास्तपणे विसंबू शकतो असे कळवले. उरलेल्यांत काहींना जवळीक नकोशी होती, तर काहींना ती गमावण्याची सततची धास्ती होती. आईवडिलांशी आपले नाते कसे होते याविषयीच्या त्यांच्या आठवणीही त्याला बऱ्याच जुळत्या होत्या.

आपल्याकडे हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. माया म्हणजे कर्ज हे ज्याच्या मनात लहानपणी बसले, तो मैत्रीतही वही ठेवतो. त्याला कोणी भेट दिली तर परतफेडीचे ओझे वाटते, आणि त्याने कोणासाठी काही केले तर तो परताव्याची वाट पाहतो. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही आणि दुसऱ्याने म्हटलेले ‘नाही’ सोसतही नाही. प्रेमात नकार मिळाला की आपले सारे भांडवल बुडाले, असे त्याला वाटते. नकार देणाऱ्या मुलीवर सूड उगवण्याच्या ज्या बातम्या अधूनमधून वाचाव्या लागतात, त्यांची कारणे अनेक असतील. परंतु मी एवढे दिले म्हणून मला मिळालेच पाहिजे, ही समजूत त्यांतील एक कारण आहे, यात शंका वाटत नाही.

मुलींची खतावणी निराळी असते. तिच्यात रुपयांच्या रकान्यात अब्रू मांडलेली असते. “तुला शिकवले, बाहेरगावी ठेवले, मोकळीक दिली, आता आमचे नाव राख.” म्हणजे तिचे स्वातंत्र्य हेच कर्जाऊ दिलेले असते आणि त्याची वसुली होते ती लग्नाच्या वेळी. २०११-१२ च्या भारत मानव विकास पाहणीनुसार शंभरांपैकी सुमारे पाच विवाहच आंतरजातीय होते. जातीची पकड हे त्याचे मुख्य कारण होय. पण सुशिक्षित घरात निर्णयाच्या क्षणी जातीचे नाव क्वचितच निघते. निघते ते आईच्या रक्तदाबाचे.

लग्नानंतर या हिशेबाला एक विलक्षण वळण लागते. आईबापांचे ऋण फेडण्याची जबाबदारी मुलाची. पण पहाटेचा चहा, पथ्याचे जेवण, दवाखान्याच्या फेऱ्या या रूपाने हप्ते भरते ती सून. तिने हे कर्ज घेतलेले नसते आणि तिला कोणी जामीनही ठेवलेले नसते. आई आणि बायको यांच्या कात्रीत सापडल्याची तक्रार करणारे तरुण पुष्कळ भेटतात. वस्तुतः आईला प्रेमाने पण ठामपणे ‘नाही’ म्हणावयास जो कधी शिकला नाही, त्याचे न शिकणे त्याच्या बायकोला भोगावे लागते.

काही आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेतले जातील आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की, ही सारी पाश्चात्त्य मापे झाली. एकमेकांवर अवलंबून राहणे हा आपल्या कुटुंबसंस्थेचा दोष नसून तिचा प्राण आहे. यात तथ्य आहे. अमेरिकेतील चिनी कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या रूथ चाओ यांनी १९९४ सालीच दाखवून दिले की, बॉमरिंड यांचा ‘करडेपणा’ चिनी मुलाला मायेचा अभाव वाटत नाही. आई आपल्याला घडवते आहे, असे ते समजते. जेनिफर लॅन्सफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली भारतासह सहा देशांतील घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे मारणे ही सर्वसाधारण रीत आहे तेथे माराचे दुष्परिणाम सौम्य दिसले, पण ते नाहीसे झालेले नव्हते. तुर्कस्तानच्या चिदेम काउत्चिबाशी यांचे विवेचन आपल्याला अधिक जवळचे आहे. अपत्यांचे मोल आईबापांना कशात वाटते, याचा शोध घेणाऱ्या १९७० च्या दशकातील नऊ देशांच्या पाहणीत त्या सहभागी होत्या. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती सुधारते तसे मुलांचे आर्थिक मोल कमी होते, पण भावनिक मोल टिकून राहते. आणि जवळीक व स्वायत्तता ही दोन्ही एका घरात नांदू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे मुलाला स्वतःचे मत असावे असे म्हणणे म्हणजे त्याने घर सोडावे असे म्हणणे नव्हे. एकमेकांवर विसंबणे आणि एकाने दुसऱ्याच्या कर्जात असणे, यांत अंतर आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. मुले आईबापांच्या वागण्यामुळेच तशी घडतात कशावरून? चिंताग्रस्त मुलाचे आईबापही स्वभावतः चिंताग्रस्त असू शकतील. हट्टी मुलामुळे आईबाप कठोर झाले असतील. ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असा दावा केला की, आईबापांच्या संगोपनापेक्षा अनुवंश आणि सवंगडी यांचाच प्रभाव मोठा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांनीही अनुवंशाचा वाटा बराच मोठा असल्याचे दाखवले आहे. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. तेव्हा हा इशारा मानलाच पाहिजे. पण त्यातून निघते ते इतकेच की, मुलाच्या यशापयशाचे सारे श्रेय वा दोष आईबापांनी स्वतःकडे घेऊ नये. मूल ही मातीची गोळी नव्हे, हे ज्याला पटले, तो आपल्या गुंतवणुकीचा हिशेबही थोडा सैलच धरील.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा असून तो सर्वांत वजनदार आहे. माथियास डोप्के व फाब्रिझिओ झिलिबोटी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली असे मांडले की, पालकत्वाची पद्धत हा बऱ्याच अंशी परिस्थितीला दिलेला प्रतिसाद असतो. जेथे उत्पन्नातील विषमता कमी आणि शिक्षणात मागे पडल्याची शिक्षा सौम्य, तेथे आईबाप मुलांना मोकळे सोडतात. जेथे जिंकणारा आणि हरणारा यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते, तेथे ते मुलांच्या मागे लागतात. घरात मुलांना मारण्यावर जगात सर्वप्रथम, १९७९ साली, बंदी घालणारा स्वीडन हा कमी विषमतेचा देश होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. अशा शर्यतीत उतरलेल्या मुलाच्या आईबापांना शांत राहण्याचा उपदेश करणे सोपे आहे. शिवाय बहुसंख्य कष्टकऱ्यांना निवृत्तिवेतन नाही. राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत ८० वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा दीर्घकाळ महिना २०० रुपयेच राहिला. राज्ये त्यात आपापली भर घालतात, पण ती भर घालूनही म्हातारपण निभावत नाही. ज्या शेतकऱ्याने मुलाच्या शिक्षणासाठी एकर विकला, त्याच्यापाशी मुलाखेरीज दुसरे निवृत्तिवेतन नाही. त्याने हिशेब ठेवला तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. परवडणारे सार्वजनिक शिक्षण आणि पोटापुरते निवृत्तिवेतन ही अर्थकारणाची मागणी आहेच. घराघरांतील भीती कमी करण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपायही आहे.

पण या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. ज्यांना निवृत्तिवेतन आहे, ज्यांचे घर स्वतःचे आहे आणि ज्यांना मुलाकडून एक पैही नको आहे, त्या सुस्थित मध्यमवर्गातही ही खतावणी तितक्याच काटेकोरपणे लिहिली जाते. तेथे परतावा मागितला जातो तो आज्ञाधारकपणाच्या, लग्नातील संमतीच्या आणि रोजच्या फोनच्या रूपाने. येथे परिस्थितीची सबब पुरेशी पडत नाही.

न सांगितलेल्या रकमेचे कर्ज

सावकारीचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि तेथून हा उठाव पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात तो ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदला गेला. लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर. कागद हाती आले की ते जाळले जात. जेथे सावकाराने ते मुकाट्याने देऊन टाकले तेथे सहसा मारहाण झाली नाही. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यान्वये न्यायालयाला रोख्यावरील रकमेवर न थांबता व्यवहाराचा मूळपासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रातही दामदुपटीचा नियम होता : साचलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे. दोहोंमागील शहाणपण एकच आहे. ज्या कर्जाची रक्कम ठरलेली आहे ते फिटू शकते. ज्याची रक्कम कधी सांगितलीच जात नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाही.

घरातील मायेचे कर्ज हे असे न सांगितलेल्या रकमेचे असते. मुलाने नोकरी मिळवली तरी ते उरते, मनाविरुद्ध लग्न केले तरी उरते, नातवंड झाले तरी उरते. हे सहन न होऊन काही तरुण एके दिवशी कागदच जाळून टाकतात. फोन बंद होतो, परदेशातून येणे थांबते, एकाच शहरात राहून वर्षानुवर्षे भेट होत नाही. आईबापांना हा कृतघ्नपणा वाटतो, आणि त्यांचे दुःख खरे असते. पण सुप्याच्या शेतकऱ्यांना नुसते कृतघ्न म्हणून जसा तो प्रश्न सुटला नाही, तसा हाही सुटणार नाही.

मग उपाय काय? आईबापांनी पैशाविषयी बोलूच नये असे मुळीच नाही. उलट अधिक स्पष्ट बोलावे. मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले की घरची ऐपत त्याच्यापुढे उघड मांडावी : तुझ्या शिक्षणासाठी इतके बाजूला ठेवले आहेत, याहून अधिक लागले तर कर्ज काढावे लागेल, ते तू इतक्या वर्षांत फेडशील. जे देणगी म्हणून द्यावयाचे ते देणगी म्हणून द्यावे आणि पुन्हा त्याचा उच्चार करू नये. जे कर्जाऊ द्यावयाचे त्याची रक्कम आधी सांगावी. स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद मुलाच्या फीमध्ये बुडवू नये. तसे केले की हिशेब सुरू होणे अटळ असते. नियम जरूर करावेत, ठामपणे करावेत, पण मोडल्यास होणारा परिणाम आधी ठरलेला असावा आणि अबोला हा त्यांतला नसावा. आणि मुलाचे पहिले ‘नाही’ घरातच, सुरक्षितपणे, म्हणून व्हावे. ते जो घरात शिकला नाही, तो ते बाहेर एक तर कधीच म्हणत नाही किंवा फार कर्कशपणे म्हणतो.

पितृऋण कोणाला फेडावयाचे?

एवढे वाचूनही कोणी म्हणेल की, पितृऋण ही आपल्या संस्कृतीतील पवित्र कल्पना आहे. तिला सावकारी म्हणणे हा तिचा अपमान आहे. या आक्षेपाचे उत्तर त्या कल्पनेतच आहे. तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे की, ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो. ऋषींचे ऋण तो ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने फेडतो, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने. त्या काळाच्या समाजरचनेच्या मर्यादा या वचनाला आहेतच. पण त्यातील हिशेबाची दिशा लक्षपूर्वक पाहावी. वडिलांचे देणे वडिलांना परत करावयाचे नाही. ते पुढच्या पिढीला द्यावयाचे आहे. ज्ञान ज्याच्याकडून मिळाले त्याला ते परत देता येत नाही, पुढे शिकवता येते. माया जिच्याकडून मिळाली तिला ती मापून परत करता येत नाही, आपल्या मुलांना देता येते.

म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणे हे यातून सुटत नाही. २००७ च्या कायद्याने मुलांवर त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली आहे आणि ती योग्यच आहे. कायद्याने पोटगी मिळू शकते. दिवाळीला नातवंडे घेऊन घरी येण्याचा हुकूम कोणत्याही न्यायाधिकरणाला काढता येत नाही. तेवढ्यासाठी मुलाला आपल्या घरी येताना उंबऱ्यावर हिशेब विचारला जाणार नाही, याची खात्री असावी लागते. ज्या आईबापांनी खतावणी वेळीच मिटवली, त्यांच्या मुलांच्या वाट्याला कदाचित कमी पगार येईल, कदाचित जातीबाहेरचा जोडीदार येईल. पण आपल्या मुलांपुढे बसताना त्यांच्या हाती वही असणार नाही.